आधी घरापुरती

उन्हाळ्यात भाजी महागली की आधी कुणाच्या ताटातली कमी होते? आपल्याच. सगळ्यांना वाढून आपण चटणी-भाकरीवर भागवतो. म्हणून आज गटाच्या सामायिक भाजीपाल्याबद्दल बोलते.

एक गुंठा, म्हणजे 33 बाय 33 फूट जागेतही सुरुवात होते. फेब्रुवारीत गवार, चवळी, भेंडी टोका. गवार आणि चवळी कमी पाण्यावर तग धरतात. बुडाशी पाचट पसरा, पाणी संध्याकाळी द्या. भेंडी साधारण दीड महिन्यात तोड्याला येते. मग दिवसाआड तोडा, नाहीतर जून होते.

गवारीच्या शिरा काढून शेंगा मोडा. तेलात लसूण परता. गवार वातूळ म्हणतात, म्हणून फोडणीत ओवा घाला. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा, शेवटी शेंगदाण्याचा कूट घाला.

सगळी भाजी विकावीशी वाटते, पैसाही हवाच असतो. पण बैठकीत ठराव करा: प्रत्येक तोड्यातली आधी घरापुरती वाटून घ्यायची, उरलेली बाजारात. आणि मैत्रिणींनो, ती भाजी सगळ्यांसोबत बसून खा, शेवटी कढई पुसून नको.