दोन खोल्यांच्या घरांतील अंधारी खोली



फोटोग्राफीचा नाद असलेल्या पुष्कळांना एका गोष्टीची हळहळ वाटते, ती ही कीं घरांत अंधारी खोली नाहीं. आजोबांच्या वेळच्या कांचा आणि लग्नकार्याच्या फिल्मा पेटींत पडून राहतात, त्यांना बुरशी चढते. आणि हल्लीं खिशांतल्या मोबाइलनेंच चित्र निघत असल्यामुळें ती पेटी उघडण्याचें कोणाला कारणहि उरत नाहीं. त्या पेटीसाठीं स्वतंत्र खोली हवीच, असें मला वाटत नाहीं. रात्र हवी, थंड पाणी हवें आणि घरच्या मंडळींची मनापासून संमति हवी. यांतली तिसरी वस्तु सर्वांत दुर्मिळ!

उदाहरणादाखल पुणें-सोलापूर हमरस्त्यावरील, दौंड तालुक्यांतलें कासुर्डी घ्या. दोन खोल्या, मागें मोरी, पलीकडे उसाचे मळे, असें घर समजूं. दिवसा तेथें अंधार करावयाचा म्हणजे प्रत्येक फटीशीं झुंज. रात्रीं निम्में काम आपोआपच झालेलें असतें. रस्त्यावरील मोटारींचे दिवे तेवढे अडवावे लागतात. मोरीच्या खिडकीला घोंगडी दुहेरी करून लावावी, दाराखालीं गोणपाट सारावें आणि दहा मिनिटें आंत स्वस्थ बसून पांढरा कागद डोळ्यांसमोर धरावा. तो दिसूं लागला, तर अजून कोठें तरी फट आहे.

लाल दिव्यावरहि डोळे झांकून विश्वास ठेवूं नये. ब्रोमाइड कागदाच्या तुकड्यावर नाणें ठेवून तो पांच मिनिटें लाल उजेडांत राहूं द्यावा, मग डेव्हलपरमध्यें बुडवावा. नाण्याचा पांढरा ठसा उमटला तर दिवा लबाड समजावा. फिल्म धुतांना हाहि दिवा चालत नाहीं. आजची बहुतेक फिल्म सर्वच रंगांचा उजेड टिपते.

आरंभींच एन्लार्जर विकत घेण्याचा मोह मात्र टाळावा. जुन्या कांचा आकारानें चांगल्या मोठ्या असतात. कांचेची औषध लावलेली बाजू कागदाच्या औषधाच्या बाजूस भिडवून, वर दुसरी जाड कांच दाबून, क्षणभर साधा दिवा लावला कीं काम झालें. मग तीन तबकें: डेव्हलपर, आंबट पाणी आणि हायपो. आंबट पाण्यासाठीं पातळ केलेला व्हिनेगर पुरतो.

पाण्याची गोष्ट थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे. डेव्हलपर सुमारें २० अंश सेंटिग्रेड असावा. चैत्र-वैशाखांत नळाचें पाणी त्याहून बरेंच गरम असतें. अशा डेव्हलपरमध्यें चित्र झपाट्यानें काळवंडतें आणि फिल्मवरील सरसाचा थर मऊ पडून ओरखडतो. म्हणून बाटल्या आधीं तास-दोन तास माठाच्या पाण्यांत बुडवाव्या, आणि तबक थंड पाण्याच्या घमेल्यांत ठेवावें. विहिरीचें पाणी क्षारयुक्त असल्यास उकळून, निववून, गाळून घ्यावें. पावसाचें स्वच्छ पाणी मिळालें तर फारच उत्तम.

आतां घरच्या मंडळींविषयीं. दादासाहेब फाळके १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा आणि फिल्मला भोंकें पाडण्याचें यंत्र घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहांत लोकांसमोर आला. मधल्या काळांत अंधारांत बसून फिल्मला भोंकें पाडणें, ती धुणें, हें काम सरस्वतीबाई फाळके यांनीं केलें. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाकहि त्यांच्याकडेच. आपल्या नादापायीं घरांतल्या बाईवर असा दुहेरी भार टाकण्याचा हक्क प्रत्येक हौशी माणसाला आहे असें मला वाटत नाहीं. मोरी त्यानें स्वतः घासावी.

आणि एका बाबतींत तर कडक शिस्तच हवी. घरांतील वाटी किंवा चमचा एकदां या औषधांत बुडाला, कीं तो पुन्हां स्वयंपाकघरांत जातां कामा नये. हायड्रोक्विनोन विषारी आहे. मेटलनें कित्येकांच्या हातांवर चट्टे उठतात. सरबताच्या रिकाम्या बाटलींत डेव्हलपर भरून ठेवणें हें तर अक्षम्यच. तहानलेलें मूल बाटलीवरची चिठ्ठी वाचीत बसत नाहीं.

हायपो रुप्याचे क्षार विरघळवितो, हें सर जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालीं दाखवून दिलें होतें. अर्थात् वापरलेल्या हायपोंत रुपें उतरलेलें असतें. तें पाणी विहिरीजवळ किंवा उसाच्या पाटांत ओतूं नये. झांकणाच्या डब्यांत सांठवून रुपें काढून घेणाऱ्याकडे पोंचवावें. चित्रें मात्र बादलींतील पाणी पुनःपुन्हां बदलून निगुतीनें धुवावीं. आंत हायपो राहिला तर चार-दोन वर्षांत तीं पिवळीं पडतात. गुऱ्हाळें पेटलेलीं असतील त्या दिवसांत तीं अंगणांत वाळत घालूं नयेत. चिपाडांची राख ओल्या सरसावर बसली कीं निघत नाहीं. आंतच दोरीवर चिमट्यांनीं टांगावीं, आणि पहांटे मंडळी उठण्यापूर्वीं मोरी मोकळी करून द्यावी.