प्रथिनाचा पहिला मणी

हौदांत पाणी किती राहील, हें जसें नळाइतकेंच मोरीवरहि अवलंबून असतें, तसेंच पेशींतील प्रथिनाचें प्रमाण त्याच्या उत्पत्तीइतकेंच त्याच्या नाशावर अवलंबून असतें. आणि या नाशाची खूण पुष्कळदां प्रथिनाच्या रचनेंतच दडलेली असते.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मण्यांचे प्रकार मुख्यतः २०. या माळेचा केवळ पहिला मणी बदलला तर काय होईल? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत अलेक्झांडर व्हार्शाव्स्की व त्यांचे सहकारी बाखमायर आणि फिन्ली यांनीं १९८६ सालीं याचें उत्तर दिलें. प्रश्न साधा, प्रयोग मात्र अवघड. कारण पेशी प्रत्येक माळेचा आरंभ मेथिओनिन या एकाच आम्लानें करिते. म्हणून त्यांनीं एक युक्ति योजिली. बीटा-गॅलॅक्टोसिडेझ या प्रथिनाच्या अग्रभागीं युबिक्विटिन नांवाचें चिमुकलें प्रथिन जोडलें. पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या पेशींत हा जोड नेमका सांध्यावर तुटतो आणि हवा तो मणी पुढें येतो.

मेथिओनिन पुढें असतां प्रथिनाचा अर्धा सांठा नष्ट होण्यास २० तासांहून अधिक काळ लागला. आर्जिनिन पुढें असतां अवघीं २ मिनिटें! बाकी माळ तीच होती.

पेशींतील एक प्रथिन असा अशुभ मणी ओळखतें आणि माळेंतील लायसिन नामक दुसऱ्या मण्यावर युबिक्विटिनची सांखळी चढवितें. मग प्रोटिओसोम नांवाचें यंत्र त्या माळेचे तुकडे करितें. सोयीचा लायसिन नसेल, तर पहिला मणी एकटा कांहीं करूं शकत नाहीं. तेव्हां त्याला सर्वाधिकारी समजूं नये.

ही व्यवस्था निव्वळ प्रयोगशाळेंतील नवलाई नव्हे. यीस्टची पेशी दुभंगतांना गुणसूत्रांना बांधून ठेवणारें कडें कापलें जातें. त्याचा एक तुकडा आर्जिनिननें सुरू होतो, म्हणूनच तो लवकर नाहींसा होतो. तो मागें उरला तर गुणसूत्रांची वांटणी बिघडते, असें २००१ सालीं दिसून आलें.

मनुष्यांत हे मणी ओळखणाऱ्या प्रथिनांपैकीं एक यूबीआर१ होय. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास जोहान्सन-ब्लिझर्ड नांवाचा विरळा विकार जडतो, हें २००५ मध्यें उघड झालें. आईबाप बहुधा निरोगी. मुलाच्या नाकपुड्या मात्र अपुऱ्या वाढलेल्या, कित्येकदां श्रवणहि मंद, आणि स्वादुपिंडाचा पाचक रस अपुरा. अशा बालकांना जेवणाबरोबर पाचक विकरें द्यावीं लागतात.