खेळ हेच बालकांचे अध्ययन
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



“बालवाडीत मूल नुसते खेळते, अक्षरे केव्हा गिरविणार?” हा आपल्या छत्रपती संभाजीनगरातील पालकांचा प्रश्न रास्त आहे. पोटाला चिमटा घेऊन मुलांस शिकविणाऱ्यांनी तो विचारावाच. त्याचे उत्तर मात्र अनुभवाने द्यावे.

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी होय. १९७५ सालच्या एकात्मिक बालविकास योजनेने हे नाव देशभर नेले. तेथे महाग साधनांऐवजी बिया, पाने, खडे व शिंपले असत. चिंचोके वाटून घेणारे मूल संख्या शिकते. बियांची नक्षी मांडणाऱ्या बोटांस पुढे लेखणी जड होत नाही.

तरी विनंती इतकीच की, तीन वर्षांच्या बाळाच्या हाती पाटी देण्याची घाई करू नये. घरातील मूठभर चिंचोके बालवाडीस द्यावेत, आणि सायंकाळी “आज काय लिहिलेस?” असे न विचारता “आज काय खेळलास?” असे विचारावे.