पुण्यात दुरुस्तीला वाली कोण?



निवाऱ्याचा प्रश्न निघाला की नव्या घरांचे आकडे पुढे येतात. किती बांधली, किती हवीत, कोणी किती आश्वासने दिली! उभे असलेले घर उभे कसे ठेवावयाचे, हे मात्र कोणी विचारीत नाही. पुण्यातील श्रमिकांची आणि कनिष्ठ मध्यमवर्गीयांची असंख्य घरे पेठांतल्या वाड्यांत आणि वस्त्यांतल्या पत्र्यांखाली आज उभीच आहेत. ती टिकविणे हा गृहनिर्माणाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. असे असता कायदा, कर आणि सरकारी योजना यांनी दुरुस्तीला पोरके केले आहे, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम पेठांकडे पाहू. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. महागाईने गांजलेल्या भाडेकरूला तो मोठा आधार होता आणि त्या संरक्षणाची गरज आजही संपलेली नाही. परंतु भाडे गोठले तरी चुन्याचे, कौलांचे आणि सागवानाचे भाव गोठले नाहीत. मालकाने हात आखडता घेतला, पन्हाळी फुटल्या, मातीच्या भिंतींत पाणी मुरू लागले आणि तुळया कुजल्या.

१९९९ च्या कायद्यातील तरतूद काय सांगते? घर दुरुस्त ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. नोटीस देऊनही त्याने ती पार पाडली नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. वाचावयास हे न्याय्य वाटते. मात्र पुढेच मर्यादा आहे: एका वर्षात भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक रक्कम वळती करता येत नाही. महिना ४० रुपये भाडे असलेल्या बिऱ्हाडाचा हिशेब करा. वर्षाचे भाडे ४८० रुपये, म्हणजे वळते होणार १२० रुपये. एवढ्या पैशात गवंड्याची एका दिवसाची मजुरीही भागत नाही. कायद्याने हक्क दिला, पण तो वापरण्याची ऐपत दिली नाही.

मग पावसाळा येतो आणि धोकादायक इमारतींना महापालिकेच्या नोटिसा निघतात. जीवितरक्षणासाठी त्या आवश्यक आहेत, याविषयी वाद नाही. पण ज्या वाड्याची डागडुजी वीस-तीस वर्षे झाली नाही, तो धोकादायक झाला यात नवल ते काय? मालकाला न्यायालयात जे साधले नाही, ते पाऊस साधून देतो. येथे कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप नष्ट होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली महाराष्ट्रातीलच एका खटल्यात स्पष्ट केले आहे. ही माहिती किती भाडेकरूंपर्यंत पोहोचली आहे?

मुंबईत हाच प्रश्न उभा राहिला तेव्हा शासनाने १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन करण्याची तरतूद केली. जुन्या इमारतींवर उपकर बसवावयाचा आणि त्यात सरकारी पैसा घालून मंडळाने दुरुस्ती करावयाची, अशी ती व्यवस्था. तिचे काम रेंगाळले, हे खरे. पण जबाबदारी कोणाची हे तरी तेथे ठरले. ती व्यवस्था मुंबई शहराच्या हद्दीपुरतीच राहिली. पुण्याच्या कसबा, नाना किंवा भवानी पेठेतला भाडेकरू तिच्याबाहेर राहिला.

पुण्यात मिळकतकराची सवलत आहे, असे कोणी म्हणेल. १९७० च्या ठरावाने महापालिकेने स्वतः राहणाऱ्या मालकास ४० टक्के सवलत दिली आणि देखभाल-दुरुस्तीपोटी १५ टक्के वजावट दिली. राज्य शासनाने मध्यंतरी रोखलेली ४० टक्क्यांची सवलत २०२३ मध्ये पुन्हा मिळाली; दुरुस्तीची वजावट मात्र १० टक्क्यांवर आणली गेली. आणि ही वजावट देताना दुरुस्ती खरोखर झाली का, हे कोण पाहतो?

आता वस्त्यांकडे वळू. २००५ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानाखाली येरवड्यात नेताजीनगर, मदर तेरेसा नगर अशा वस्त्यांत वेगळी वाट धरली गेली. वस्ती हलविली नाही. पक्की घरे तशीच ठेवून कच्ची तेवढी जागच्या जागी बांधावयाची ठरली. घर सुमारे २७० चौरस फुटांचे, खर्च तीन लाख रुपये धरलेला. निम्मा वाटा केंद्राचा, ३० टक्के राज्याचा, १० टक्के महापालिकेचा आणि १० टक्के कुटुंबाचा. स्पार्क आणि महिला मिलन यांच्या कामामुळे वस्तीतल्या स्त्रियांना आराखड्यात बोलता आले. शेजार तुटला नाही, कामाची ठिकाणे दूर गेली नाहीत. उणिवाही होत्या: जमिनीची मालकी मिळाली नाही, आणि बांधकाम चालू असताना दुसरीकडे राहण्याचा भार अनेकांनी स्वतः सोसला. तरीही पाडापाडीवाचून वस्ती सुधारते, हे येरवड्याने दाखवून दिले. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधणाऱ्यास वा वाढविणाऱ्यास केंद्राचे दीड लाख रुपये ठेवले गेले. परंतु त्याला जमिनीचा कागद हवा. वस्तीतल्या माणसाने तो कोठून आणावा?

प्रत्येक जुने घर वाचविता येईल, असा माझा दावा नाही. जे राहण्यास खरोखर अयोग्य आहे ते उतरविलेच पाहिजे. प्रश्न एवढाच, की तो निर्णय कोणाच्या सोयीने व्हावयाचा? म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी हवा. मालकाने दुरुस्ती केली नाही तर महापालिकेने ती करावी आणि खर्च त्याच्याकडून वसूल करावा. इमारतीच्या तपासणीचा अहवाल भाडेकरूंच्या हाती पडल्यावाचून एकही कुटुंब बाहेर काढू नये आणि काढताना हक्काचे लेखी पत्र द्यावे. वस्तीतल्या घराला मालकीच्या कागदाची अट न घालता दुरुस्तीचे लहान कर्ज मिळावे.

ही कामे केवळ निवेदनांनी होणार नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक शाखेने आपल्या भागातील मोडकळीला आलेल्या वाड्यांची यादी करावी, भाडेकरूंच्या बैठका घ्याव्यात आणि मालकांना दुरुस्तीच्या नोटिसा भाडेकरूंच्या सहीने पाठवाव्यात. महापालिकेची नोटीस दारावर लागेपर्यंत थांबलो, तर आपल्या हाती फक्त सामान हलविण्याचे काम उरेल.