'कलेक्टर' : एका शब्दाची वाटचाल



इंग्रजीतील 'कलेक्टर' या शब्दाचा मूळ अर्थ 'गोळा करणारा' एवढाच आहे. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये हे पद निर्माण केले, तेव्हा शेतसारा वसूल करणे हेच त्याचे प्रमुख कार्य होते.

मराठवाड्यात हा शब्द उशिरा रुजला. निजामी राजवटीत नांदेड जिल्ह्याचा प्रमुख 'अव्वल तालुकदार' म्हणून ओळखला जाई. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर 'कलेक्टर' हे नाव येथे प्रचारात आले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि शासनव्यवहाराच्या मराठीत 'जिल्हाधिकारी' हा प्रतिशब्द स्थिरावला. या शब्दात वसुलीचा मागमूसही नाही.

लोकांच्या तोंडी मात्र 'कलेक्टर' कायम राहिला. पालटला तो त्याचा अर्थ. १९७२ च्या दुष्काळात कलेक्टर कचेरीकडे लोकांचे डोळे लागले ते कामासाठी आणि धान्यासाठी. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळ्या झालेल्या लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा त्याच कचेरीकडे निवारा आणि पुनर्वसन मागितले गेले. घेणाऱ्याचे नाव देणाऱ्याला लाभले. भाषाशास्त्रात यास अर्थपरिवर्तन म्हणतात.

कोशकार शब्दाचा अर्थ नोंदवितो. तो घडतो रोजच्या व्यवहारात. अर्ज घेऊन आलेल्या शेतकऱ्याला, विधवेला, सरपंचाला कचेरीत जी वागणूक मिळते, तीवरूनच या शब्दाचा उद्याचा अर्थ ठरणार आहे.