वचन आणि नांगर



मायबापहो, कोणी चालत आलात, कोणी टेम्पोनं आलात, पाय आखडले असतील. ऐसपैस बसा. निघताना घरच्यांनी तुम्हाला काय सांगितलं? ‘देव सांभाळील, पण जपून जा.’ या एका वाक्यात आजचं सगळं निरूपण आलं. पण आपण अर्धंच ऐकतो. भित्रा माणूस ‘जपून’ एवढंच ऐकतो आणि घराबाहेर पडत नाही. उतावळा ‘देव सांभाळील’ एवढंच ऐकतो आणि रस्त्याच्या मधून चालतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढा. सैतानानं प्रभूला मंदिराच्या शिखरावर उभं केलं आणि म्हणाला, टाक उडी. नुसतं म्हणाला नाही, शास्त्राधार दिला! ९१ वं स्तोत्र काढलं, देवदूत तुला झेलतील म्हणाला. मंडळी, वचन खरं होतं, सांगणारा लबाड होता. ते स्तोत्र वाटेनं चालणाऱ्याच्या पायाला ठेच लागू नये म्हणून आहे. शिखरावरून उडी घेणाऱ्यासाठी ते नाही. प्रभूनं उत्तर दिलं की देवाची परीक्षा पाहायची नसते. बापानं सांभाळावं म्हणून लेकरू बोट धरतं. बाप सांभाळतो की नाही हे बघायला ते विहिरीत उडी टाकत नाही.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्याची सांगायला सोपी जाते, म्हणून मुद्दाम माझी.

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. भर पावसात कीर्तनाला निघालो होतो. ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं. ड्रायव्हर म्हणाला, “बुवा, तासभर थांबू, पाणी उतरेल.” मी म्हणालो, “देवाचं काम आहे, विश्वास ठेव, घाल गाडी.” घातली. मधोमध गाडी बंद पडली आणि कडेला सरकायला लागली. पलीकडच्या शेतातली माणसं दोर घेऊन धावली, म्हणून वाचलो. पेटी वाहून गेली. आमचा तबलजी एकोणीस वर्षांचा पोर, दोन घोट पाणी पिऊन बाहेर आला.

पुढं कित्येक कीर्तनांत ही साक्ष मी मोठ्या थाटात सांगायचो. लोक हालेलुया म्हणायचे. एकदा त्या पोराची आई समोर बसलेली होती. कीर्तन झाल्यावर जवळ आली आणि हळूच म्हणाली, “बुवा, देवानं माझ्या लेकराला काढलं, हे खरं. पण पाण्यात घातलं कुणी?”

मायबापहो, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ज्याला मी विश्वास म्हणत होतो, तो माझा हट्ट होता. वेळेवर पोचलो नाही तर लोक काय म्हणतील, ही भीती होती. आणि पैजेला लावला होता दुसऱ्याचा मुलगा. त्या माउलीची मी पाय धरून क्षमा मागितली. ही गोष्ट आजही सांगतो, पण साक्ष म्हणून नाही, कबुली म्हणून.

आता आख्यान ऐका. प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. पौल बंदिवान होऊन रोमला निघाला आहे. हवामान फिरलेलं. पौलानं आधीच सांगितलं की पुढं जाण्यात धोका आहे. शताधिपतीनं तांडेलाचं आणि तारवाच्या धन्याचं ऐकलं. वादळानं गाठलं. कित्येक दिवस ना सूर्य, ना तारे. तेव्हा देवदूत पौलाला म्हणाला की तारू जाईल, पण माणूस एकही जाणार नाही.

वचन मिळालं! मग पौल झोपला का? बघा पुढं काय काय झालं. चौदाव्या रात्री खलाशांनी पाण्याची खोली मोजली, २० वाव. थोडं पुढं गेल्यावर १५ वाव. खडकावर आदळू नये म्हणून चार नांगर टाकले. खलाशी होडीतून पळायला बघत होते, तेव्हा पौलच म्हणाला की हे तारवावर राहिले नाहीत तर तुमचा जीव वाचणार नाही. सगळ्यांना जेवायला लावलं. तारू हलकं करायला गहू समुद्रात टाकला. सकाळी कोणी पोहत, कोणी फळीवर बसून, २७६ माणसं किनाऱ्याला लागली. वचन पूर्ण झालं आणि फळ्यासुद्धा लागल्या. देवाचं वचन होतं म्हणूनच नांगर टाकायला हातात बळ आलं.

आणि पौल घाबरून घरी बसला नाही, हेही विसरू नका. रोमला जायचं होतं, तो गेलाच. प्रभूही शिखरावरून उडी टाकायला नाही म्हणाला, पण क्रूसाकडं चालत गेला. पित्यानं पाठवलं तर मरणाकडंही जायचं, सैतानानं डिवचलं तर एक पायरीही उडी मारायची नाही. हा फरक ओळखा.

म्हणून स्वतःला विचारा: या धोक्यात मला देवानं घातलं, की माझ्या हट्टानं? माझ्या विश्वासाची किंमत दुसरं कुणी भरणार आहे का? सुज्ञ माणसाचा सल्ला मी ऐकला का?

साखरेची, बीपीची गोळी प्रार्थना केली म्हणून बंद करू नका. प्रार्थना करा आणि गोळी घ्या, बंद करायची तर डॉक्टर सांगतील. मोटारसायकलला क्रूस लावलाय, छान, डोक्यावर हेल्मेटही असू द्या. रात्री परतताना कडेनं चाला, हातात बॅटरी ठेवा, लेकरं आतल्या बाजूला घ्या. एवढं केलं आणि तरी संकट आलं, तर घाबरू नका. आपले नांगर तुटतात, त्याचा हात सुटत नाही.

हे प्रभो, आम्हाला धीर दे आणि शहाणपणही दे. तुझ्या नावावर आम्ही दुसऱ्याचं लेकरू पाण्यात घालू नये. आणि कुणाचं लेकरू बुडताना दिसलं, तर दोर घेऊन धावणारे आम्हाला कर. आमेन.