ऐतिहासिक मालिकांतील संसार आणि प्रेक्षकांचा कौल

(असोदा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दूरचित्रवाणीवरील मालिका हा कार्यकर्त्यांच्या चर्चेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. कापसाचा भाव, केळीचा पीकविमा, विजेचे बिल हे प्रश्न दारात उभे असताना पडद्यावरच्या रमेचे आणि माधवाचे काय झाले याची उठाठेव कशाला, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सभेला पुरुष येतात. बायका फार थोड्या येतात. त्या बायका संध्याकाळी जेथे एकत्र बसतात, हसतात, चिडतात आणि मत बनवतात, ती जागा मालिकेपुढची असते. स्त्रीच्या स्थानाविषयी गावात रोज जी चर्चा होते, तिचा मोठा भाग तेथे होतो. लोकमत घडते त्या जागेकडे पाठ फिरवणे कोणत्याही लोकवादी पक्षाला परवडणारे नाही.

यातही ऐतिहासिक मालिकांचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. चालू काळातील कौटुंबिक मालिकेला प्रेक्षक 'हे सगळे खोटे' असे म्हणू शकतो. ऐतिहासिक मालिकेपुढे मात्र तो श्रद्धेने बसतो, कारण 'हे घडले होते' असा तिचा दावा असतो. त्या दाव्याच्या आश्रयाने जे प्रेम दाखवले जाते, ते प्रेमाचा नमुना ठरते.

उदाहरणादाखल 'उंच माझा झोका' ही मालिका घेऊ. मार्च २०१२ ते जुलै २०१३ या काळात ती झी मराठीवर चालली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांचा संसार हा तिचा विषय. लहानपणीच्या रमेची भूमिका तेजश्री वालावलकर हिने, मोठेपणीच्या रमाबाईंची स्पृहा जोशी यांनी आणि रानड्यांची विक्रम गायकवाड यांनी केली. छोट्या रमेच्या बोलण्यावर महाराष्ट्रातील प्रेक्षक लुब्ध झाला. दिवसभर घरातल्या कामात दडपलेल्या त्या मुलीला रात्री पती अक्षरे शिकवतो, या प्रसंगांनी बायकांचे डोळे ओलावत. तिच्या शिकण्याला आडवे येणाऱ्या घरातल्या बायकांचा प्रेक्षकांना मनापासून राग येई. दिवसाचा कामाचा गाडा ओढून थकलेली स्त्री त्या घटकेपुरती रमा होत असे.

आता इतिहास काय सांगतो ते पाहू. हा विवाह १८७३ च्या डिसेंबरात झाला. वधूचे वय ११ वर्षांचे, वराचे ३१. पहिली पत्नी नुकतीच निवर्तली होती. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी विधवेशी विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. त्यांची धाकटी बहीण दुर्गा ही लहानपणीच विधवा झालेली होती, हेही विसरता कामा नये. म्हणजे प्रेक्षकाला ज्यांचा राग येतो त्या घरातल्या बायकांपैकी कित्येकींचे आयुष्य त्याच रूढीने आधीच चिरडलेले होते. जिला कोणी काही शिकवले नाही, तिने शिकणाऱ्या मुलीचा हेवा करावा यात दुष्टपणापेक्षा दुःखच अधिक आहे.

मालिकेने इतिहास लपवला, असा आरोप येथे करावयाचा नाही. प्रश्न वेगळा आहे. रोज अर्धा तास याप्रमाणे सोळा महिने एखाद्या संसाराचा सहवास घडला की प्रेक्षकाचा प्रश्न नकळत बदलतो. 'अकरा वर्षांची मुलगी या घरात आलीच का?' हा प्रश्न मागे पडतो आणि 'आज ते तिला शिकवतील ना?' हा प्रश्न पुढे येतो. प्रथा पार्श्वभूमीला जाते, पतीचा चांगुलपणा मध्यभागी येतो. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थकारणावर व्याख्यान देऊन इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत असे बजावणारे रानडे बाजूला राहतात. पाटीपुढे बसलेले पती तेवढे स्मरणात उरतात.

तरीही प्रेक्षक स्त्रीला भाबडी म्हणून मोकळे होणे हा पुरुषी उद्धटपणा ठरेल. तिला त्या संसारात काय आवडले? दागिने नव्हेत, वाडा नव्हे. आपल्याशी बोलणारा, आपल्या बुद्धीची कदर करणारा, चारचौघांत आपली बाजू घेणारा माणूस घरात असावा, हे तिला आवडले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ही एक मागणी आहे आणि ती अत्यंत न्याय्य मागणी आहे. बाजारात जो माल उपलब्ध असतो त्याच रूपात मागणी व्यक्त होते. सन्मान, शिक्षण आणि विश्रांती या गोष्टी प्रत्यक्ष जीवनात मिळत नाहीत, तेव्हा त्यांची मागणी पडद्यावरच्या सद्गुणी पतीच्या रूपाने प्रकट होते. मालिका ती मागणी ओळखते हे तिचे श्रेय. परंतु हक्क म्हणून जे मिळाले पाहिजे ते ती पतीच्या मायेचे दान म्हणून दाखवते, आणि आजची उणीव सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या वाड्यात नेऊन भरून काढते.

दान आणि हक्क यांतील अंतर समजण्यासाठी खानदेशाबाहेर जाण्याचे कारण नाही. १८७९ साली, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार बिथरलेले असताना, रानड्यांची बदली धुळ्यास झाली. सरकारचा त्यांच्यावर संशय होता. त्यांच्या टपालावर नजर ठेवली जात होती. रमाबाई त्यांच्यासोबत धुळ्यास होत्या. आणि १८८० साली याच असोद्यात महाजनांच्या घरी बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह जळगावच्या चौधरींच्या घरी झाला, तिशीत वैधव्य आले, मुले वाढवता वाढवता शेतातले आणि घरातले कष्ट जन्मभर सुटले नाहीत. त्यांना अक्षर आले नाही. त्यांची गाणी त्यांच्या तोंडून ऐकून इतरांनी उतरून घेतली म्हणून वाचली, आणि त्यांचे पुस्तक १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, महाराष्ट्रापुढे आले. रमाबाईंनी मात्र आपल्या आठवणी स्वतःच्या हाताने लिहिल्या. त्या १९१० साली प्रसिद्ध झाल्या. या दोघींत प्रज्ञेचे अंतर होते असे कोण म्हणेल? अंतर होते ते एवढेच की एकीला पतीच्या कृपेने अक्षर भेटले आणि दुसरीपर्यंत शाळा पोचली नाही. चांगला पती भेटणे हा योगायोग आहे. शाळा ही व्यवस्था आहे. योगायोगावर समाज उभा राहत नाही.

रमा-माधवाच्या कथेत हाच पेच अधिक तीव्र होतो. रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ ची. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखाली तिची मालिका झाली. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांच्या रूपाने रमा-माधव घराघरांत पोचले. पुढे चित्रपट झाला, २०१९ साली कलर्स मराठीवर 'स्वामिनी' ही मालिकाही आली. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे सत्ताविसाव्या वर्षी माधवराव वारले आणि रमाबाई सती गेल्या. या शेवटावर प्रेक्षक रडतो. ते अश्रू खरे असतात. पण कशासाठी? एका तरुण स्त्रीच्या जळण्याबद्दल, की तिच्या प्रेमाच्या 'पूर्णते'बद्दल? ही दोन्ही दुःखे एकाच अश्रूत मिसळली की धोका सुरू होतो. त्याच दशकात, ४ सप्टेंबर १९८७ रोजी, राजस्थानात देवराला येथे रूपकुंवर चितेवर जळाली आणि हजारोंचा जमाव तिचा जयजयकार करण्यास जमला. मालिकेमुळे ते घडले असे म्हणणे मूर्खपणाचे ठरेल. परंतु पतीमागे जळणे म्हणजे प्रेमाचा कळस, ही भावना समाजात मुरलेली असते तेव्हा कलेने ती जपून हाताळावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

निर्मात्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे प्रेक्षकाचा अर्थही तोच निघेल, असे नाही. १९८४-८५ मधील 'हम लोग' ही मालिका सामाजिक प्रबोधनासाठी योजलेली होती. तिला चार लाखांच्या आसपास पत्रे आली. त्यातील भागवंती ही मुकाट सोसणारी आई, असे सोसू नये हे दाखवण्यासाठी रंगवली होती. पाहणीत आढळले की पुष्कळ प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. सोसण्याला प्रतिष्ठा देणाऱ्या समाजात सोसणारी व्यक्तिरेखा दाखवली की तिची पूजाच होते.

या पार्श्वभूमीवर 'सावित्रीज्योती' या मालिकेचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०२० मध्ये सोनी मराठीवर ती सुरू झाली आणि प्रेक्षकसंख्या अपुरी पडते म्हणून त्याच वर्षाच्या डिसेंबरात संपली. टाळेबंदीने चित्रीकरण मध्येच थांबले होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. १८४० साली विवाह झाला तेव्हा सावित्रीबाई ९ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव १३ वर्षांचे. म्हणजे तोही बालविवाहच. पण पुढे या दोघांनी मुलींची शाळा काढली, त्यासाठी १८४९ साली घर सोडले, १८६३ साली ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि अशाच एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. सावित्रीबाईंची पतीला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. १८७७ च्या पत्रात दुष्काळाचे वर्तमान आहे. तीही प्रेमपत्रेच आहेत. आणि रानड्यांचा विवाह झाला त्याच १८७३ च्या डिसेंबरात पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. एकाच महिन्यातले हे दोन विवाह! या प्रेमाची अडचण अशी की ते माजघरात मावत नाही. ते शाळेत, रस्त्यावर, दुष्काळी अन्नछत्रात घडते. सासू-सुनांच्या चौकटीला सरावलेल्या मालिकेच्या साच्याला ते पेलत नाही.

'लोकांना हेच हवे असते', असे उत्तर यावर नेहमी दिले जाते. ते तपासले पाहिजे. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्माइद यांनी १९७७ साली दाखवून दिले की जाहिरातीवर चालणाऱ्या वाहिनीचा खरा विक्रेय माल कार्यक्रम हा नसून प्रेक्षक हा आहे. तो जाहिरातदाराला विकला जातो. ग्राहक जाहिरातदार असल्यामुळे खरेदीची ऐपत असणाऱ्या प्रेक्षकाला मोल अधिक. मोजणीची रीत पाहा. खेड्यांतील घरे नियमित मोजणीत आली ती 'बार्क' या संस्थेच्या २०१५ मधील आकडेवारीपासून. म्हणजे २०१२ साली भारनियमनातून मिळालेल्या विजेवर असोद्यातील जी माउली रमेसाठी रडली, तिचे रडणे कोणत्याही हिशेबात धरलेले नव्हते. २०२० च्या सुमारास देशभरातील मोजणीची घरे ४४ हजारांच्या आसपास होती आणि दूरचित्रवाणीची घरे वीस कोटींच्या घरात. एक घर साधारण साडेचार हजार घरांच्या वतीने मत देते. नमुना पाहणी शास्त्रीय असू शकते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नाकारू नये. परंतु संच चालू होता एवढेच ती सांगते; पाहणारीला काय वाटले, ती कशावर चिडली, ते ती सांगत नाही. आणि २०२० साली खेडी मोजणीत होती, हेही मान्य केले पाहिजे. फुल्यांची मालिका पुरेशी पाहिली गेली नाही, याची सगळी जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही. फुल्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या किती कार्यकर्त्यांच्या घरी ती मालिका लावली जात होती, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

मग करावयाचे काय? बंदीची मागणी हा मार्ग नव्हे. कलेच्या गळ्याला लावलेला हात अखेर विचाराच्या गळ्यापर्यंत पोचतो. दुसरा मार्ग महाराष्ट्रात पूर्वी चोखाळला गेला आहे. १९५६ साली युनेस्को आणि आकाशवाणी यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत दीडशे खेड्यांमधून शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली. एकत्र ऐकायचे, मग बोलायचे, मग काय करता येईल ते ठरवायचे, अशी ती रीत होती. गावच्या वाचनालयात, महिला मंडळात, बचत गटात मालिकेवर अशी चर्चा का होऊ नये? रमा कोणाला आवडली, का आवडली, तिच्याजागी घरातली मुलगी असती तर काय केले असते, हे प्रश्न विचारायला व्यासपीठ लागत नाही. व्याख्यान देऊ नये, ऐकावे. बायका मालिकेविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलू लागतात.

त्या बोलण्यातून आजचे प्रश्न आपोआप पुढे येतील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते आणि धुळे जिल्ह्यातील प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच वर होते. म्हणजे छोटी रमा केवळ पडद्यावर नाही. दुसरा प्रश्न जमिनीचा. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून पुढे आलेल्या 'लक्ष्मीमुक्ती'च्या कल्पनेनुसार पतीच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय शासनाने केली. सोय चांगली, पण तेथेही अर्ज पतीचाच! येथेही माया आहे, हक्क नाही.

रानड्यांनी रमाबाईंना शिकवले, याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. ज्या बायकांना ते पाहून भरून आले, त्यांच्या भावनेचा आदर करूनच पुढचे पाऊल टाकता येईल. पडद्यावर जे पाहून त्यांना बरे वाटते, ते त्यांच्या मुलींना शाळेत, त्यांना स्वतःला घरात आणि त्यांच्या नावाला सातबाऱ्यावर मिळाले पाहिजे, कोणाच्या मर्जीवाचून. असोद्यातील कार्यकर्त्यांनी या कामाची सुरुवात गावातील दहा घरांपासून केली तरी पुरे. मात्र ती संध्याकाळी, मालिका संपल्यावर करावी. कारण त्याच वेळी बायका भेटतील आणि त्याच वेळी त्यांच्याजवळ बोलण्यासारखे काही असेल.